मीराआत्याचा वारसा

आई भीमाई गेली तेव्हा बाबासाहेब अजून लहान होते. साताऱ्यातल्या त्या पोरक्या लेकरांना पोटाशी धरले ते मीराआत्याने. रामजी सुभेदारांची ही बहीण शरीराने अपंग होती, पण भावाचा संसार तिने सावरला. त्या माउलीने भिवाला सांभाळले म्हणून पुढचा इतिहास घडला. जयंतीच्या मिरवणुकीत मीराआत्याची आठवण आपल्यापैकी किती जणांना होते?

ही आठवण आज काढायचे कारण आहे. भोरलगतचे उत्रोली घ्या, नाहीतर वेल्ह्यातली एखादी वाडी घ्या. इथला माणूस पोटासाठी पुण्या-मुंबईला जातो. तिकडे आजाराने, अपघाताने आईबाप गेले की लेकरे गावी आजीच्या, मामाच्या दारात येतात. म्हातारी आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून देते. समाज चार दिवस हळहळतो आणि पाचव्या दिवशी सल्ला देतो, "पोराला आश्रमात टाका!" का टाकायचे? आजी गरीब आहे, हा त्या लेकराचा गुन्हा आहे काय?

कायदा असे सांगत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आणि मुलामागे महिन्याला मिळणारे अनुदान १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाले. अनाथ मुलेच नव्हेत, तर एक पालक गमावलेली, आईबाप तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेली मुलेही अठरा वर्षांपर्यंत या योजनेत बसतात.

रक्ताचे नाते नसलेले कुटुंबही, मूल दत्तक न घेता, त्याचा सांभाळ करू शकते. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या स्त्रीलाही ही वाट मोकळी केली. फुले दांपत्याने १८७४ मध्ये एका विधवेचे मूल जवळ केले, ते यशवंत पुढे डॉक्टर झाले. रक्तापेक्षा माणुसकी मोठी, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

मग अडते कुठे? कागदावर. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, बँकेचे पासबुक, घरासमोर मुलासह काढलेला फोटो. मग गृहचौकशी, मग बाल कल्याण समितीचा आदेश. अंगठा उठवणाऱ्या आजीने मजुरी बुडवून पुण्याला किती खेपा घालायच्या?

इथे चळवळीचे काम सुरू होते. प्रत्येक विहारात गावातल्या अशा मुलांची यादी हवी. शिकलेल्या दोन तरुणांनी त्या आजीचा अर्ज भरावा, तिच्याबरोबर कार्यालयात जावे, अनुदान थकले तर लेखी जाब विचारावा. आणि मुलालाही विचारावे, "बाळा, तुला कुठे राहायचे आहे?" त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाणे हा त्याचा कायदेशीर हक्क आहे.

बालपणाला वाऱ्यावर सोडू नये, हे संविधानाच्या कलम ३९ मध्येच आहे. तेव्हा हे अनुदान म्हणजे भीक नव्हे, हक्क आहे. मीराआत्याच्या पाठीशी कोणतेही सरकार नव्हते. आजच्या मीराआत्यांच्या पाठीशी निदान आपण तरी उभे राहू या. जय भीम!