पोकरचे व्याकरण आणि तीनपत्तीचा संस्कार

नवी भाषा शिकणाऱ्याच्या अनेक चुका अज्ञानातून उद्भवत नाहीत. त्या आधीच अवगत असलेल्या भाषेच्या नियमांतून उद्भवतात. उरिएल वाइनराइख यांनी १९५३ साली भाषासंपर्कावरील आपल्या ग्रंथात या घटनेची पद्धतशीर मांडणी केली. खेळांच्या क्षेत्रातही ती तितक्याच स्पष्टपणे दिसून येते. गणपतीच्या जागरणात तीनपत्ती खेळत वाढलेला मनुष्य संगणकाच्या पडद्यावर पोकर शिकू लागला, म्हणजे त्याला पत्ते ओळखीचे वाटतात, काही शब्दही ओळखीचे वाटतात; आणि ही ओळखच त्याला प्रथम फसविते.

पडद्यावर सर्वाधिक प्रचलित असलेला प्रकार ‘टेक्सस होल्डेम’ हा होय. त्यात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते झाकून मिळतात. पैजेची एक फेरी झाल्यावर तीन पत्ते सर्वांसाठी उघडे मांडले जातात. पुढे चौथा व नंतर पाचवा. प्रत्येक टप्प्यानंतर पैजेची फेरी होते. आपले दोन व पटावरील पाच अशा सात पत्त्यांतून उत्तम पाच निवडावयाचे असतात. अखेरीस ज्याची जुळणी श्रेष्ठ तो जिंकतो. किंवा इतर सर्वांनी पत्ते टाकले, तर उरलेला एकटा पत्ते न दाखविताच जिंकतो.

पहिली चूक जुळण्यांच्या श्रेणीत होते. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा वरचढ असतो. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा वरचढ असतो. हा भेद लहरीचा नव्हे, गणिताचा आहे. तीन पत्त्यांच्या २२,१०० संभाव्य जुळण्यांत साधे सिक्वेन्स ७२० व साधे कलर १,०९६ असतात. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून मोठा. पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० जुळण्यांत मात्र सिक्वेन्स १०,२०० व कलर ५,१०८ असतात. येथे कलर दुर्मिळ ठरतो आणि क्रम उलटतो. हे कारण ज्याला उमगले, त्याला श्रेणी घोकावी लागत नाही.

दुसरी चूक शब्दार्थाची आहे. तीनपत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे आपले पत्ते न पाहता केलेली चाल. ती खेळावी की नाही, हे खेळाडूच्या इच्छेवर असते. पोकरमध्ये ‘ब्लाइंड’ म्हणजे वाटपापूर्वी दोन ठरावीक खेळाडूंनी सक्तीने भरावयाची रक्कम. तीनपत्तीतील ‘बूट’शी तिचे नाते अधिक जवळचे, परंतु बूट सर्वजण भरतात, ब्लाइंड पाळीपाळीने भरावे लागते. ज्याची बोलण्याची पाळी शेवटी येते त्याला इतरांचे निर्णय आधी कळतात. त्यामुळे तेच दोन पत्ते एका जागेवरून खेळण्याजोगे, तर दुसऱ्या जागेवरून टाकण्याजोगे ठरतात.

यातूनच खेळाचे खरे तत्त्व हाती येते. पैज हे चिन्ह आहे, आणि चिन्हाचे मूल्य त्याच्या जागी जे येऊ शकले असते पण आले नाही, त्यावरून ठरते. जो खेळाडू क्वचितच पैज वाढवितो त्याची वाढ अर्थपूर्ण असते. जो प्रत्येक वेळी वाढवितो त्याची वाढ काहीच सांगत नाही. हूल देणे शक्य होते तेही याच कारणाने: बहुतेक पैजा खऱ्या असतात, म्हणूनच एखादी खोटी पचते. फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात हूल हा स्वभावदोष नसून खेळाच्या रचनेतून निष्पन्न होणारे धोरण आहे, हे गणिताने दाखविले. नवशिक्याने मात्र हूल देण्यापूर्वी पत्ते टाकण्यास शिकावे. त्याचे बहुतेक नुकसान हूल फसल्यामुळे होत नाही, तर दुबळे पत्ते सोडवत नाहीत म्हणून होते.

पडद्यावर प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत नाही; रक्कम, क्रम आणि विलंब एवढेच उरते. यामुळे खेळ निरर्थक होतो हा समज चुकीचा आहे. २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे ‘लिब्राटस’ या संगणकीय कार्यक्रमाने चार निष्णात व्यावसायिकांचा १,२०,००० डावांत पराभव केला. त्याला चेहरे वाचता येत नव्हते. अर्थ पैजांच्या रचनेतच होता.

त्या रचनेचे किमान गणित सोपे आहे. मध्यभागी १०० नाणी असताना प्रतिस्पर्ध्याने ५० लावली, तर बरोबरीसाठी ५० द्यावी लागतात व एकूण २०० होतात. म्हणजे जिंकण्याची शक्यता शेकडा २५ हून अधिक हवी. इस्पिकचे चार पत्ते जमले असून एकच पत्ता उघडावयाचा राहिला असेल, तर न दिसलेल्या ४६ पत्त्यांत इस्पिक ९, म्हणजे शक्यता शेकडा सुमारे १९.६. पुढे आणखी नाणी मिळण्याची आशा नसेल, तर पत्ते टाकणेच योग्य. नंतर इस्पिकच उघडले तरी तो निर्णय चुकीचा ठरत नाही. निर्णय व परिणाम यांची ही फारकत मनाला पटणे, हा शिक्षणातील सर्वांत कठीण टप्पा होय.

२०२५ मध्ये भारतीय संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, मनाई केली. जेथे असा खेळ चालतो तेथेही चालक सामान्यतः डावांतील रकमेतून आपला वाटा कापून घेतो. त्यामुळे सर्व खेळाडूंची मिळून बेरीज तोट्याचीच येते. म्हणून नवशिक्याने फुकटच्या नाण्यांवर श्रेणी, क्रम व गणित शिकावे. मात्र त्या सरावाची एक मर्यादा ध्यानी ठेवावी. जेथे गमावण्यासारखे काहीच नसते तेथे सारेच अखेरपर्यंत बरोबरी करीत राहतात, पैजेला किंमत उरत नाही, आणि किंमत नसलेले चिन्ह अर्थही वाहून नेत नाही. तेथील विजयावरून आपल्याला पोकर येऊ लागले असे मानणे, म्हणजे शब्दकोश पाठ करून संभाषण अवगत झाले असे मानण्यासारखेच आहे.