इंटरनेट कंपनी बदलण्याआधी हे मोजून पाहा

प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण फाइल सेकंदाला १२ एमबीनेच डाउनलोड होते? यात फसवणूक नाही. प्लॅनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात आणि ८ बिट म्हणजे १ बाइट.

खरी परीक्षा रात्री नऊच्या सुमारास, सगळी सोसायटी ऑनलाइन असताना. आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून वेग मोजा, मग वाय-फायवर. केबलवर पूर्ण आणि बेडरूममध्ये निम्मा येत असेल, तर अडचण भिंतींची किंवा राउटरच्या जागेची आहे. कंपनी बदलून ती सुटणार नाही.

ऊकलाचं 'स्पीडटेस्ट' जवळचा सर्व्हर निवडतं. तो बऱ्याचदा तुमच्याच इंटरनेट कंपनीचा असतो, त्यामुळे आकडा छान दिसतो! सर्व्हर बदलून पुन्हा मोजा, नेटफ्लिक्सच्या 'फास्ट डॉट कॉम'वरही पाहा.

तरीही बदलायचंच असेल, तर ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लॅन फुकट पाहता येतात. 'अनलिमिटेड' शब्दावर जाऊ नका, एफयूपी वाचा: किती जीबीनंतर वेग किती उरतो? जाहिरातीतल्या दरावर १८% जीएसटी बहुतेकदा वेगळा असतो. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी, त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्यांना रात्री एकदा टेस्ट करायला सांगा.