रेनियरच्या कुशीतले फुलांचे रान

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही उभयता सिएटलला मुलीकडे गेलो होतो. जावई म्हणाले, "मम्मी, डॅडी, रेनियर पर्वताजवळचे स्प्रे पार्क दाखवतो." हा पर्वत १४,४१० फूट उंच. पोटात ज्वालामुखी, अंगावर हिमनद्या! १८९९ सालापासून तिथे नॅशनल पार्क आहे.

मोविच तळ्याशी गाडी ठेवली. पुढे सुमारे तीन मैल पायवाट, शेवटची चढण नागमोडी. ह्यांची बायपास झालेली. नाडी ११० च्या वर गेली की बसायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. दर वळणावर मनगट धरले की हे हसायचे, "रिटायर झालीस ना गं?" एकदा ११८ भरली. दगडावर बसून चपाती-भाजी खाल्ली, पाणी प्यायलो. ९२ वर आली तेव्हाच उठलो.

वर झाडे विरळ झाली नि समोर हिरवेगार कुरण, पांढरी लिली, निळे ल्युपिन, आणि मागे बर्फाचा तो डोंगर! तेरड्याने फुललेले आपल्या कोकणातले सडे आठवले. तिथे बर्फ जुलैपर्यंत टिकतो, म्हणून फुलांना थोडेच आठवडे मिळतात. तुडवलेले रोप सावरायला वर्षे लागतात, तेव्हा वाट सोडायची नाही.

एप्रिल २०२५ मध्ये त्या रस्त्यावरचा १९२१ चा फेअरफॅक्स पूल जीर्ण झाला म्हणून सरकारने कायमचा बंद केला. आता तळ्यापर्यंत गाडी जात नाही. तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हटले असते, तर राहिलेच असते.

वाचकहो, डॉक्टरांना विचारा, पण निघा!