लांब पल्ल्याची बस आणि अल्प खर्चाची भटकंती: समज आणि वस्तुस्थिती

एसटी आणि खासगी ट्रॅव्हल्स या एकाच सेवेच्या दोन किमती आहेत, हा महाराष्ट्रात बेताच्या पैशांत भटकणाऱ्यांमध्ये सर्वांत रुजलेला गैरसमज होय. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार एसटी ही टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत प्रवासी चढवीत-उतरवीत आणि प्रत्येकाकडून स्वतंत्र भाडे घेत चालणारी सेवा आहे. ट्रॅव्हल्सकडे मात्र बहुधा कंत्राटी वाहतुकीचा परवाना असतो, ज्यात आधी ठरलेल्या प्रवाशांखेरीज इतरांना वाटेत घेण्याची मुभा नसते. व्यवहारात गाडी शहराबाहेर पडेपर्यंत चौकाचौकात थांबून भरली जाते आणि सुटण्याची वेळ कागदावरच राहते. दिवाळीत ट्रॅव्हल्सला वाटेल तेवढे भाडे आकारता येते, हेही खरे नाही, कारण राज्य शासनाच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने त्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा एसटीच्या भाड्याच्या दीडपट ठरवली आहे. ती कितपत पाळली जाते हा प्रश्न निराळा, पण प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करण्यास तिचा आधार मिळतो.

वाटेत उतरत, गावे पाहत गेल्यास एकूण भाडे तेवढेच पडते, असेही अनेकजण गृहीत धरतात. एसटीचे भाडे टप्प्यावर आकारले जाते, एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो आणि अपुऱ्या टप्प्याचेही पूर्ण पैसे द्यावे लागतात; त्यामुळे हिशेबापुरते पाहिल्यास चाळीस किलोमीटरांना सात टप्पे लागत असताना, मध्ये उतरून वीस-वीस किलोमीटरांची दोन तिकिटे काढणाऱ्यास आठ टप्प्यांचे भाडे पडते. खूप उतरत-चढत जाणाऱ्यांसाठी ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार वा सात दिवसांचा पास सोयीचा असला, तरी पास म्हणजे हक्काचे आसन नव्हे: आरक्षणाचा आकार वेगळा भरावा लागतो आणि साध्या बसचा पास शिवशाहीत चालत नाही. महिलांना मार्च २०२३ पासून मिळणारी निम्म्या भाड्याची सवलतही गोव्याकडे जाताना राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू होते.

साधी बस रेंगाळते त्याचा दोष चालकाच्या माथी मारला जातो, परंतु वेळ खरोखर खर्च होतो तो प्रत्येक स्थानकात वळून आत जाण्यात, नोंद करण्यात आणि पुन्हा रहदारीत शिरण्यात. घाई असलेल्याने विनाथांबा वा रातराणी गाडी पाहावी, हेच बरे. शेवटच्या रांगेत बसणारे हादरे तर चालकाच्या हातीही पूर्णपणे नसतात, कारण ती रांग मागच्या चाकांच्याही पलीकडे येते आणि चाक खड्ड्यातून वर येताना गाडीचा तो भाग सर्वाधिक उसळतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली आसने त्यामानाने स्थिर असतात, आणि आरक्षण करताना ती निवडण्यास सहसा जादा पैसे पडत नाहीत.