कॅरव्हॅनमध्ये टीव्ही हवा? सगळा भार सिमवर टाकू नका

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून कॅरव्हॅनमधल्या टीव्हीची चौकशी वाढली आहे. लॅपटॉपवर टीव्ही आणि इंटरनेट दोन्हींसाठी मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेल, असे अनेकांना वाटते. चिखलीसारख्या शहरी भागात तो पुरेलही. ताम्हिणी घाटात मात्र टॉवर आणि गाडीच्या मध्ये डोंगर येतो. शिवाय एचडी व्हिडिओ तासाला 3 जीबीपर्यंत डेटा खातो. म्हणून माझे ठाम मत आहे: इंटरनेट सिमवर, टीव्ही छत्रीवर, म्हणजे डिश अँटेनावर. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. तिचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. चिखली-ताम्हिणीच्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर असतो. इतक्या उंचीवर सहसा डोंगर आड येत नाही.

लॅपटॉपचे एचडीएमआय सहसा चित्र बाहेर पाठवते, आत घेत नाही. म्हणून सेट-टॉप बॉक्स थेट जोडण्याऐवजी डीव्हीबी-एस2 यूएसबी ट्यूनर घ्या. प्रत्येक मुक्कामी छत्री नव्याने लावावी लागते आणि मुसळधार पावसात चित्र तुटते, हे आक्षेप खरेच आहेत. पण दिशा आणि कोन मोबाइलवरच मोजता येतात, आणि सर ओसरली की चित्र परत येते. खोऱ्यात नसलेली रेंज मात्र कितीही महागड्या प्लॅनने येत नाही.