सायकलीची जयणा

व्यापाऱ्याच्या घरी दिवस मावळला की गल्ला मोजला जातो, वह्या जुळवल्या जातात, काट्याचे पारडेही पुसून ठेवले जाते. त्याच घराच्या ओसरीत उभी असलेली मुलाची सायकल मात्र महिनोन्‌महिने कोणी पाहत नाही. चालते आहे तोवर सारे ठीक आहे, असा समज असतो. एखाद्या पावसाळी सकाळी शाळेच्या उतारावर ब्रेक दाबूनही चाक थांबत नाही, तेव्हा त्या समजाची किंमत कळते. आणि ती कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

जैन आचारात जयणेला मोठे स्थान आहे. चालताना, बसताना, वस्तू घेताना आणि ठेवताना सावध असणे म्हणजे जयणा. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात गौतम स्वामींना केलेला उपदेशही अप्रमादाचाच आहे. सायकलीची देखभाल हा या सावधपणाचा घरगुती पाठ ठरू शकतो. त्यासाठी आठवड्यातील अर्धा तास पुरतो. सामग्री म्हणजे पाना, पंप, सुती फडके आणि तेलाची कुपी.

प्रारंभ ब्रेकपासून करावा. ब्रेकचे रबर रीमलाच टेकले पाहिजे. ते टायरला घासले तर टायर कापला जातो. रबर आणि रीम यांच्यात दोन ते तीन मिलिमीटर अंतर असावे आणि लिव्हर पूर्ण दाबली तरी ती मुठीला टेकू नये. तारेचा ब्रेक सैल वाटल्यास लिव्हरपाशी तार जेथे शिरते, तेथील फिरकी थोडी बाहेर उकलावी. तार ताणली जाते. रबरावरील खाचा झिजून गेल्या की ते बदलावे. लोखंडी रीम ओली असताना ब्रेक उशिरा धरतो, म्हणून पावसात तो आधीच दाबण्याची सवय मुलांना लावावी.

नंतर हवा. तिचे प्रमाण टायरच्या कडेवर छापलेले असते. हवा कमी असल्यास खड्ड्यात ट्यूब रीमखाली चिमटून फाटते. जुन्या घडणीच्या सायकलीची हवा वारंवार उतरत असेल, तर पंक्चर शोधण्यापूर्वी व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी तपासावी. पुष्कळदा दोष तिचाच असतो.

गिअर नसलेल्या सायकलीची चेन मध्यावर बोटाने वर-खाली केली असता सुमारे अर्धा इंच हलावी. ती अधिक सैल असल्यास मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करून चाक किंचित मागे ओढावे, ते दोन्ही बाजूंनी मधोमध आहे हे पाहावे आणि नट घट्ट आवळावे. चेनची झीज दुकानातील फूटपट्टीनेही मोजता येते. चेनच्या दोन लगतच्या पिनांमध्ये अर्ध्या इंचाचे अंतर असते. म्हणजे असे २४ टप्पे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. एक अष्टमांश इंच वाढ दिसली तर चेन बदलण्याची वेळ उलटून गेली आहे. अशी चेन फ्रीव्हीलचे दातेही झिजवते, आणि थोडक्यात भागणारा खर्च दुप्पट होतो.

स्वच्छतेतही जयणा हवी. मडगार्डच्या आत आणि सीटखाली कोळी, मुंग्या आसरा घेतात. त्यांना मऊ फडक्याने अलगद बाजूला करूनच काम सुरू करावे. पाण्याचा लोट सोडण्याऐवजी कोरडे पुसावे. चेनच्या प्रत्येक सांध्यात तेलाचा एक थेंब पुरे. वरचे तेल पुसून टाकावे, कारण त्यावर धूळ बसते आणि बारीक जीवही चिकटून मरतात. रीमवर तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये. काळे तेल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये.

वाकलेली रीम, तुटलेले आरे किंवा फ्रेमला गेलेली चीर दिसली, तर ते काम कारागिराकडेच सोपवावे. बाकीचे घरी व्हावे, आणि पाना मुलाच्या हाती द्यावा. वडिलांसमवेत दर रविवारी ब्रेक तपासणारा मुलगा उतारावर आपसूक सावध राहतो. नीट राखलेली सायकल पुढे धाकट्या भावंडाच्या उपयोगी पडते, आणि घरात आणखी एका वस्तूची भर पडत नाही.