सोलरचा हिशोब मोबाइलवर करताय? आधी वीजबिल हातात घ्या

छतावर सोलर बसवलं तर किती पैसे वाचतील, याचं उत्तर आता मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतं. पण एकाच घरासाठी तीन कॅल्क्युलेटर तीन वेगळे आकडे दाखवतात. एक म्हणतो 2 किलोवॅट पुरे, दुसरा म्हणतो 4 लागतील. या फरकात लाखभर रुपये अडकू शकतात. म्हणून कुठल्या कॅल्क्युलेटरवर किती भरवसा ठेवायचा, ते आधी समजून घेऊ.

रुपये नको, युनिट भरा

बरेच कॅल्क्युलेटर फक्त महिन्याचं बिल किती रुपये येतं एवढंच विचारतात. त्यावरून नीट हिशोब होत नाही. आपल्याकडे विजेचे दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या 100 युनिटला कमी दर, 101 ते 300 ला जास्त, त्यापुढे आणखी जास्त. बिलात स्थिर आकारही असतो, आणि तो सोलर बसवल्यावरही भरावा लागतो. त्यामुळे गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरचे युनिट काढून त्यांची बेरीज करा. एकट्या मे महिन्याचं बिल धरलं, तर कूलर-एसीमुळे गरज उगाच मोठी दिसते.

समजा, वर्षाला 3,000 युनिट लागतात. महाराष्ट्रात 1 किलोवॅट सोलर वर्षाला साधारण 1,300 ते 1,500 युनिट देतं. म्हणजे 2 किलोवॅटमध्ये काम बऱ्यापैकी भागतं. जास्तीची वीज नेट मीटरमधून पुढच्या महिन्यांत वळती होते, पण वर्षाअखेर उरलेल्या युनिटला आपण भरतो तेवढा दर मिळत नाही. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवण्यात फायदा नाही.

कोणता कॅल्क्युलेटर कशासाठी?

अनुदानाच्या हिशोबासाठी केंद्र सरकारचं पीएम सूर्यघर पोर्टल बघा. 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून जास्तीला 78,000 रुपये अनुदान आहे. 3 च्या पुढे किलोवॅट वाढवले तरी अनुदान वाढत नाही.

वीज किती तयार होईल हे बघायला युरोपियन कमिशनचं ‘पीव्हीजीआयएस’ आणि अमेरिकेचं ‘पीव्हीवॉट्स’ चांगलं. दोन्ही फुकट आहेत आणि महिन्यानुसार आकडे देतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वीज किती घटते तेही दिसतं. फक्त दिशा भरताना जपा. पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे 0, तर पीव्हीवॉट्समध्ये दक्षिण म्हणजे 180. इथे चूक झाली तर सगळा हिशोब उलटा होतो. शेजारची इमारत, पाण्याची टाकी, नारळाचं झाड यांची सावली मात्र या कॅल्क्युलेटरला दिसत नाही. ती सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत छतावर जाऊन स्वतःच बघायची.

सोलर विकणाऱ्या कंपनीचा कॅल्क्युलेटर वापरायला हरकत नाही. पण नाव-नंबर दिल्याशिवाय आकडाच दाखवत नसेल, किंवा युनिटचा दर किती धरला ते सांगत नसेल, तर त्यावर विसंबू नका.

पैसे किती वर्षांत वसूल?

उदाहरण म्हणून 2 किलोवॅटचा खर्च 1,30,000 धरू. अनुदान वजा जाता 70,000 उरले. वर्षाला 2,700 युनिट वाचले आणि सरासरी दर 8 रुपये धरला, तर बचत 21,600. म्हणजे सव्वातीन वर्षं. हाच दर कॅल्क्युलेटरने 12 रुपये धरला, तर सव्वादोन वर्षांतच पैसे वसूल झालेले दिसतात! तुमचा सरासरी दर बिलावरूनच काढा. स्थिर आकार वगळून राहिलेल्या रकमेला युनिटने भागा.

अनेक कॅल्क्युलेटर कर्ज घेणार असं आधीच धरून मासिक हप्ता दाखवतात. ज्यांना व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, त्यांनी तो पर्याय बंद करून पूर्ण रक्कम रोख धरावी. अनुदान सोलर सुरू झाल्यानंतर खात्यात येतं. म्हणजे सुरुवातीला 70,000 नव्हे, पूर्ण 1,30,000 ची तजवीज लागते. घरातून किंवा नातेवाइकांकडून बिनव्याजी रक्कम उभी करायची असेल, तर हाच आकडा समोर ठेवा.

कॅल्क्युलेटर हे विचारत नाही

वीजबिल कोणाच्या नावावर आहे? अनेक घरांत ते अजूनही मरहूम आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं. अर्ज करण्याआधी नाव बदलून घ्या. छत भावाभावांत सामाईक असेल तर सगळ्यांची संमती आधी लेखी घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीत विषय काढा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीलाही किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे.

एवढं झालं की पोर्टलवर नोंद असलेल्या दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रक मागवा. त्यातले वर्षाचे युनिट तुमच्या आकड्याशी ताडून बघा. फरक मोठा दिसला तर कारण विचारा, आणि पटेल असं उत्तर मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.